शुक्राची चांदणी आणि माणसाचे भय

घरोघरी घड्याळे येण्यापूर्वी आपल्या वाडवडिलांना पहाटेची वेळ कळत असे ती कोंबड्याच्या आरवण्यावरून आणि शुक्राच्या चांदणीवरून. ज्या महिन्यांत ती सूर्योदयापूर्वी उगवे, त्या महिन्यांत शेतावर पाणी लावणारा, होडी लोटणारा, बाजाराला निघणारा असा प्रत्येक जण दारात येऊन पूर्वेकडे एकदा पाही. चांदणी वर आली म्हणजे उठायला हवे, एवढे गणित प्रत्येकाला ठाऊक होते. तिच्याविषयी कुणाला भय वाटल्याचे ऐकिवात नाही, कारण ती ओळखीची होती.

हीच चांदणी जगाच्या इतर भागांत, आणि पुढे आपल्याच देशाच्या सीमेवर, माणसांना घाबरवून गेली आहे. कधी तिला ईश्वरी संकेत मानण्यात आले, कधी शत्रूचे हवाई जहाज, कधी परग्रहावरील तबकडी, तर कधी हेरगिरी करणारे वैमानिकरहित विमान. आकाशातील ठिणगी एकच राहिली. तिला दिलेली नावे मात्र त्या त्या काळच्या भयाप्रमाणे बदलत गेली. हा इतिहास मनोरंजक आहे आणि तितकाच गंभीरही आहे. म्हणूनच तो थोड्या विस्ताराने पाहू.

दिवसा दिसलेला तारा

१७१६ च्या उन्हाळ्यात लंडनच्या नागरिकांना भर दिवसा आकाशात एक तारा दिसू लागला. एक-दोन दिवस नव्हे, सलग कित्येक दिवस तो दिसत राहिला. साहजिकच काहीतरी अद्‌भुत घडते आहे अशी कुजबुज सुरू झाली. त्या वेळी एडमंड हॅली हयात होते. ज्यांच्या नावाने पुढे धूमकेतू ओळखला जाऊ लागला, तेच हे खगोलशास्त्रज्ञ. लोकांची टिंगल करण्याऐवजी त्यांनी गणित मांडले आणि रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याच वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. हा तारा म्हणजे शुक्र ग्रह होय, असे त्यांनी दाखवून दिले.

हॅली यांचे स्पष्टीकरण आजही वाचण्याजोगे आहे. चंद्राप्रमाणे शुक्रालाही कला असतात, हे गॅलिलिओंनी १६१० मध्ये दुर्बिणीतून पाहिले होते. शुक्राचे बिंब पूर्ण प्रकाशित असते तेव्हा तो आपल्यापासून फार दूर, सूर्याच्या पलीकडे असतो. तो अगदी जवळ येतो तेव्हा त्याची काळोखी बाजू आपल्याकडे असते. या दोन टोकांच्या मध्ये, तो कोरीच्या आकाराचा असताना, त्याचे तेज सर्वाधिक असते. अशा दिवसांत आकाश स्वच्छ असेल आणि नेमके कुठे पाहायचे हे ठाऊक असेल, तर तो दुपारीही डोळ्यांना दिसतो. त्यात चमत्कार काही नाही. आहे ती केवळ भूमिती.

तथापि हॅली यांचा निबंध मूठभर विद्वानांनी वाचला असेल. सामान्य माणूस आकाशाकडे आपल्या मनातील आशा-भय घेऊनच पाहत राहिला. १७९७ च्या अखेरीस इटलीची मोहीम जिंकून पॅरिसला परतलेला जनरल बोनापार्ट लक्झेंबर्ग राजवाड्यातील सत्काराला निघाला असता, रस्त्यावरील गर्दी आपल्याकडे न पाहता राजवाड्यावरच्या आकाशाकडे टक लावून पाहत आहे असे त्याला दिसले. चौकशी केली तेव्हा कळले, की भर दुपारी तारा उगवला आहे आणि तो इटलीच्या विजेत्याचा तारा आहे असे लोक मानीत आहेत. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आरागो यांनी ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. तो ताराही शुक्रच होता. लंडनमध्ये ज्याने लोक चकित झाले, त्यानेच ऐंशी वर्षांनंतर पॅरिसमध्ये लोक हर्षभरित झाले!

हवाई जहाजांचे दिवस

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसाला उडण्याचे वेध लागले. हवेत तरंगणारी व यंत्राने चालणारी जहाजे बनविण्याचे प्रयोग युरोप-अमेरिकेत चालू होते. त्यांची चित्रे आणि अद्‌भुत कथा वृत्तपत्रांतून छापून येत होत्या. अशा वातावरणात १८९६ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात रात्रीच्या आकाशात प्रखर दिवा लावलेले गूढ हवाई जहाज दिसल्याच्या बातम्या आल्या. १८९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये तीच लाट अमेरिकेच्या मध्य भागात पसरली. नेब्रास्का, कॅन्सस, इलिनॉय, टेक्सास अशा राज्यांतून रोज नवे साक्षीदार पुढे येऊ लागले.

त्या वसंत ऋतूत सूर्यास्तानंतर पश्चिमेला शुक्र विलक्षण तेजाने झळकत होता. शिकागोजवळच्या डिअरबॉर्न वेधशाळेचे प्राध्यापक हाऊ यांनी तर आणखी एका ताऱ्याकडे बोट दाखविले. तो होता मृग नक्षत्रातील तांबूस तारा, ज्याला आपण काक्षी म्हणतो. हा तारा युगानुयुगे आपल्या ठरलेल्या वाटेने जात असताना, नेमका याच तीन आठवड्यांत तो लोकांना हवाई जहाजाचा दिवा का वाटावा, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी विचारला. प्रश्न मार्मिक होता. तारा बदलला नव्हता. वृत्तपत्रे वाचून माणसे बदलली होती. यात भर पडली ती काही वार्ताहरांनी रचलेल्या सरळ थापांची. प्रामाणिक गैरसमज आणि बनावट बातमी यांची अशी गाठ पडली, म्हणजे खरे काय ते निवडणे कठीण होते.

शुक्राच्या भ्रमणात एक नियमितपणा आहे. पृथ्वीवरून पाहता त्याचे एक आवर्तन सुमारे ५८४ दिवसांचे असते आणि अशी पाच आवर्तने जवळजवळ बरोबर आठ वर्षांत पूर्ण होतात. त्यामुळे दर आठ वर्षांनी शुक्र त्याच ऋतूत, जवळजवळ त्याच जागी तसाच दिसतो. १८९७ चा हा सायंतारा १९०५ मध्ये परत आला आणि १९१३ मध्येही आला.

१९१३ साली मात्र तो आला तो भयभीत इंग्लंडवर. जर्मनीने झेपेलिन जातीची प्रचंड हवाई जहाजे बांधली होती आणि युद्धाचे ढग जमत होते. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत ब्रिटनच्या किनाऱ्यावरील शहरांतून रात्री शत्रूचे हवाई जहाज घिरट्या घालताना दिसल्याच्या वार्ता येऊ लागल्या. याच सुमारास, फेब्रुवारी १९१३ मध्ये, मनाई केलेल्या क्षेत्रावरून जाणाऱ्या हवाई जहाजांवर गोळीबार करण्याचा अधिकार देणारा कायदा ब्रिटिश संसदेने घाईने संमत केला. पश्चिमेला दिसणारा दिवा हा शुक्र असल्याचे त्याही वेळी अनेकांनी सांगितले. पण सोळा वर्षांपूर्वी अमेरिकेतील शेतकऱ्याला ज्या ताऱ्यात यंत्रयुगाचे नवल दिसले होते, त्याच ताऱ्यात इंग्रज पहारेकऱ्याला आता जर्मन सैन्य दिसत होते.

तबकड्यांचे युग

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातील रेनिअर पर्वताजवळ नऊ वेगवान वस्तू उडताना पाहिल्याचे सांगितले आणि 'उडत्या तबकड्या' हा शब्दप्रयोग जगभर झाला. त्यानंतर अमेरिकन हवाई दलाने अशा नोंदींचा तपास करण्यासाठी एकामागून एक योजना आखल्या. त्यांतील 'ब्लू बुक' ही शेवटची योजना १९६९ मध्ये बंद झाली. तोवर एकूण १२,६१८ नोंदी जमा झाल्या होत्या. त्यांपैकी ७०१ नोंदींचा, म्हणजे शेकडा सुमारे साडेपाच नोंदींचा, उलगडा झाला नाही. उरलेल्यांत विमाने, फुगे, उल्का, कृत्रिम उपग्रह यांच्या जोडीला तारे आणि ग्रह यांचा मोठा भरणा होता. या कामी सल्लागार म्हणून जे. ॲलन हायनेक या खगोलशास्त्रज्ञांची नेमणूक झाली होती ती मुळात त्याचसाठी: आकाशातील नित्याच्या रहिवाशांना अनोळखी पाहुण्यांपासून वेगळे काढण्यासाठी.

या तपासातील एक प्रकरण सर्व सुशिक्षितांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यात भर दुपारी आकाशात एक चकचकीत वस्तू दिसली. तिचा पाठलाग करताना कॅप्टन थॉमस मँटेल आपले विमान प्राणवायूच्या सोयीविना वीस हजार फुटांच्याही वर घेऊन गेले. त्यांची शुद्ध हरपली असावी. विमान कोसळले आणि ते मृत्यू पावले. ते शुक्राचा पाठलाग करीत होते, असा खुलासा हवाई दलाने प्रथम केला. शुक्र त्या वेळी आकाशात होता हे खरे. परंतु तेवढ्या उजेडात तो इतक्या लोकांच्या नजरेत भरावा एवढा ठळक नव्हता. पुढे असे दिसून आले, की नौदल त्या काळात गुप्तपणे अतिउंचीवर प्रचंड फुगे सोडीत होते. ती वस्तू असा फुगाच असावी, हे मत आता बहुतेक अभ्यासकांना ग्राह्य वाटते.

या घटनेचे तात्पर्य दुहेरी आहे. ताऱ्याला यान समजणे ही जशी चूक, तशीच न तपासता कशालाही 'तो शुक्र होता' म्हणून मोकळे होणे हीदेखील चूकच. पहिली चूक भाबडेपणाची, तर दुसरी शहाणपणाचा आव आणणाऱ्यांची. दुसऱ्या चुकीमुळे लोकांचा तज्ज्ञांवरील विश्वास उडतो आणि मग खरा खुलासाही त्यांना पटेनासा होतो.

याउलट, कसून केलेल्या तपासाचे उदाहरण १९६७ च्या ऑक्टोबरातील आहे. जॉर्जिया राज्यात अनेक गावांतील पोलिसांना पहाटेच्या सुमारास रंग बदलणारा एक तेजस्वी गोळा दिसू लागला. गाडीतून त्याच्यामागे जावे तर तो पुढे पळे; कंटाळून परत फिरावे तर तो पाठलाग करी. कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली त्या वेळी या विषयाचा अभ्यास चालू होता. त्यांच्या १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात हे प्रकरण नोंदलेले आहे. तो गोळा पहाटेचा शुक्र होता. गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव चंद्राच्या बाबतीत घेतलेला असतो. रस्त्याकडेची झाडे मागे पडतात, चंद्र मात्र बरोबर येतो. कारण जी वस्तू अतिदूर असते, तिची दिशा आपल्या दहा-वीस किलोमीटरच्या प्रवासाने मुळीच बदलत नाही. शुक्र अगदी जवळ येतो तेव्हाही तो आपल्यापासून सुमारे चार कोटी किलोमीटर दूर असतो. पण जो त्याला समोरच्या टेकडीवर मानतो, त्याला तो आपल्याबरोबर धावतो आहे असेच वाटणार.

पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांनीही लिअरी या लहानशा गावी अनेक माणसांसह असा रंग बदलणारा, जवळ येणारा व दूर जाणारा प्रकाश पाहिला होता. त्याची लेखी नोंद त्यांनी १९७३ मध्ये, राज्यपाल असताना, दिली. घटनेची तारीख त्यांना नीट आठवत नव्हती. रॉबर्ट शेफर या संशोधकाने त्या संध्याकाळच्या सभेच्या नोंदींवरून ६ जानेवारी १९६९ ही तारीख निश्चित केली आणि त्या वेळी शुक्र त्याच दिशेला, जवळजवळ तेवढ्याच उंचीवर होता असे दाखविले. कार्टर यांना हा निष्कर्ष मान्य नव्हता. अलीकडे, त्याच संध्याकाळी अग्निबाणातून वातावरणात सोडलेल्या रसायनाचा तो चमकता ढग असावा, असेही मत पुढे आले आहे. मतभेद राहिला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. तारीख, दिशा आणि उंची यांची नोंद त्याच रात्री झाली असती, तर पन्नास वर्षे वाद घालावा लागला नसता.

डोळ्यांचा स्वभाव

चांगली शिकलेली, जबाबदार माणसे अशी फसतात कशी? त्याची कारणे काही आकाशात आहेत, काही आपल्या डोळ्यांत.

प्रथम आकाशातील. सूर्य-चंद्रानंतर आकाशातील सर्वांत तेजस्वी नित्य ज्योती म्हणजे शुक्र. ताऱ्यांत पहिला मान व्याधाचा. पण ऐन भरात असलेला शुक्र व्याधाच्या वीसपटींहून अधिक तेजस्वी असतो. काळोख्या रात्री त्याच्या प्रकाशात वस्तूंची सावलीदेखील पडते. त्याच्या खालोखाल गुरू. अशी ज्योत क्षितिजाजवळ असते तेव्हा तिचा प्रकाश हवेच्या जाड, अस्थिर थरांतून आडवा येतो. त्यामुळे ती थरथरते, लालसर होते, आणि व्याधासारखा तारा तर क्षणात हिरवा, क्षणात तांबडा, क्षणात निळसर झळकतो. समोरून विरळ ढग जाऊ लागले की ज्योतच सरकते आहे असे भासते.

आता डोळ्यांचे. २२ जून १७९९ रोजी सूर्योदयापूर्वी जर्मन संशोधक अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट टेनेरिफ बेटावरील पर्वत चढत असता त्यांना क्षितिजाजवळचे तारे इकडून तिकडे डोलताना दिसले. वातावरणाचा हा काही खेळ असावा अशी त्यांची समजूत झाली. पुढे जवळजवळ साठ वर्षांनी असे आढळले, की एकाच वेळी एकच तारा पाहणाऱ्या दोघांना तो दोन वेगळ्या दिशांना हलताना दिसतो. म्हणजे हालचाल ताऱ्यात नसून पाहणाऱ्यात असते. पूर्ण काळोखात एकाकी बिंदूकडे टक लावून पाहिले, की तुलनेला दुसरे काहीच नसल्यामुळे तो बिंदू भटकू लागतो. हा दोष नजर अधू असलेल्याचा नव्हे. निरोगी डोळ्यांचाच तो स्वभाव आहे.

त्यात थकवा आणि अपेक्षा यांची भर पडते. १४ जानेवारी २०११ च्या रात्री टोरँटोहून झुरिकला निघालेल्या एअर कॅनडाच्या विमानात नुकत्याच झोपेतून जागे झालेल्या सहवैमानिकाला समोरून एक विमान येत असल्याचे सांगण्यात आले. त्याने प्रथम शुक्रालाच ते विमान मानले. ते विमान खालून जाणार आहे असे कॅप्टनने सांगितले. परंतु खरे विमान नजरेस पडताच ते वरून आपल्यावर येते आहे असे समजून सहवैमानिकाने आपले विमान एकदम खाली दाबले. कॅप्टनने ते सावरले खरे, पण सोळा जण जखमी झाले. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालात हे सारे नमूद आहे. हा माणूस प्रशिक्षित होता, कर्तव्यावर होता आणि विमान दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. काळोखात प्रथम दिसते ते आपण ज्याची वाट पाहत असतो तेच.

पँगाँगच्या काठावर

आता आपल्या देशाकडे वळू. लडाखमध्ये ४,२०० मीटरांहून अधिक उंचीवर पँगाँग नावाचे लांबलचक सरोवर आहे. त्याचा पश्चिमेकडील भाग भारताच्या ताब्यात, तर पूर्वेकडील मोठा भाग चीनच्या ताब्यात आहे. मधून जाते ती प्रत्यक्ष नियंत्रण रेषा. तिच्याविषयी उभय देशांत एकमत नाही. ऑगस्ट २०१२ पासून फेब्रुवारी २०१३ पर्यंत येथील भारतीय जवानांनी सरोवराच्या परिसरात अनोळखी प्रकाशमान वस्तू दिसल्याच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा त्या वस्तूंनी नियंत्रण रेषा ओलांडली असे त्यांना वाटले. चीनची हेरगिरी करणारी वैमानिकरहित विमाने आपल्या हद्दीत येत आहेत, हा संशय बळावला. त्या काळी अशा विमानांचा वापर वाढू लागला होता, त्यामुळे संशय अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही.

लष्कराने या प्रकरणी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे साहाय्य घेतले. या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे, तेव्हा तेथील आकाश तिच्या शास्त्रज्ञांच्या परिचयाचे होते. त्यांच्यापुढील प्रश्न साधा होता. या वस्तू आकाशस्थ आहेत की पृथ्वीवरच्या? त्यासाठी या ज्योती कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती अंशांवर दिसतात आणि मागच्या ताऱ्यांच्या संदर्भात त्या कशा सरकतात, याच्या नोंदी घेण्यात आल्या. विमान ताऱ्यांना ओलांडून जाते. ग्रह मात्र ताऱ्यांच्या मेळ्याबरोबरच तासाला पंधरा अंश या गतीने आकाश चढतो आणि उतरतो. नोंदी जुळविल्या तेव्हा त्या दोन ज्योती म्हणजे गुरू आणि शुक्र असल्याचे सिद्ध झाले. २०१३ च्या जुलैमध्ये ही हकीकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली.

त्या महिन्यांतील आकाश आठवले म्हणजे जवानांची अडचण ध्यानात येते. शुक्र त्या वेळी पहाटे पूर्वेला उगवत होता. गुरू ऑगस्टमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास, आणि डिसेंबरच्या आरंभी सूर्यास्ताबरोबरच पूर्वेला उगवू लागला. लडाखच्या पूर्वेला आहे तो चीनच्या ताब्यातील प्रदेश. म्हणजे दोन्ही ग्रह रोज शत्रूच्या बाजूच्या डोंगरांमागून वर येत आणि हळूहळू आपल्या बाजूच्या आकाशात सरकत! त्या उंचीवरील विरळ, निर्मळ हवेत ते सपाटीवर दिसतात त्याहून अधिक तेजाळ दिसतात. कडाक्याच्या थंडीत रात्रभर जागून सीमेचे रक्षण करणाऱ्या माणसाने त्यांची नोंद केली, यात त्याचे काहीच चुकले नाही. जे दिसले ते त्याने इमानाने लिहिले, आणि त्या लेखनामुळेच पुढे सत्य कळले.

ही बातमी तेव्हा अनेकांनी हसण्यावारी नेली. पण त्या दिवसांचा संदर्भ विसरता येत नाही. १५ एप्रिल २०१३ रोजी लडाखच्याच उत्तर भागात देपसांग येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली आणि तो पेच ५ मे रोजी सुटला. सात वर्षांनंतर, १५ जून २०२० च्या रात्री, गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवानांना वीरमरण आले. या घटनांचा ग्रहांशी काही संबंध नव्हता. तथापि त्या सीमेवर किती थोडक्या कारणाने रक्त सांडू शकते, हे त्यांवरून कळते. अशा ठिकाणी एखादा अनोळखी दिवा पाहून कुणी गोळी झाडली असती तर? ग्रहाला इजा झाली नसती. इजा झाली असती ती सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मातांच्या लेकरांना. अशा सीमेवर सहा महिने संयम राखला गेला आणि जाणकाराला विचारण्यात कमीपणा मानला गेला नाही, ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे.

आकाशाची ओळख

हॅली यांच्या लंडनपासून पँगाँगच्या काठापर्यंतच्या या तीनशे वर्षांत दुर्बिणी मोठ्या झाल्या, माणूस चंद्रावर जाऊन आला, शुक्रावरही याने उतरली. तरी फसगत थांबली नाही. उलट, विजेच्या दिव्यांनी शहरांचे आकाश धुरकट केल्यापासून आपला ताऱ्यांशी परिचय कमी झाला आहे. आजोबांना जी चांदणी नावाने ठाऊक होती, ती नातवाला आता भ्रमणध्वनीवर टिपून दुसऱ्याला 'हे काय असावे?' म्हणून पाठवावी लागते. छायाचित्रात ती एक पांढरा ठिपका होते, आणि ठिपक्यावर कोणतीही कथा चिकटविता येते.

तेव्हा कुटुंबांनी एक साधी सवय लावून घ्यावी. महिन्यातून एक-दोनदा गच्चीवर किंवा अंगणात मुलांना घेऊन उभे राहावे. पश्चिमेचा सायंतारा, मृगाचे तीन तारे आणि त्यांच्या रेषेत खाली झळकणारा व्याध, दक्षिणेला अगस्त्य, एवढी ओळख झाली तरी पुष्कळ झाले. पंचांगात वा दिनदर्शिकेत ग्रह कुठे आहेत हे दिलेले असते. एखादी अनोळखी ज्योत दिसली तर घड्याळ पाहावे, दिशा पाहावी, एखाद्या खांबाच्या किंवा झाडाच्या टोकाशी ती जुळवून पाहावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा उभे राहावे. ती तिथेच असेल तर ती बहुधा आपल्या जुन्या शेजाऱ्यांपैकी आहे. आणि शेजारच्या कुणी येऊन 'मी काहीतरी विलक्षण पाहिले' असे सांगितले, तर त्याला वेड्यात काढू नये. कुठे, केव्हा, किती उंच, एवढे तीन प्रश्न आपुलकीने विचारावेत.

कारण हेच तीन प्रश्न आकाशाबाहेरही उपयोगी पडतात. गावात नवीन राहावयास आलेला माणूस, वेगळी भाषा बोलणारे कुटुंब, रात्री उशिरा दिवा जळणारे घर: अपरिचित गोष्टीला नाव देण्याची आपल्याला फार घाई असते, आणि ते नाव पुष्कळदा आपल्या मनातल्या भयाचेच असते. पँगाँगच्या काठावरील जवानांनी आधी नोंद केली, मग विचारले आणि मग ठरविले. तोच क्रम आपणही पाळावा.